मडके पक्के की कच्चे?

पुरस्कार मिळाल्याचा दिवस गावाला मोठा मानाचा असतो. सरपंचांना फेटा बांधला जातो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून मंडळी तालुक्याला जातात, हलगी वाजते, पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते. मानचिन्ह ग्रामपंचायतीच्या कपाटात जाऊन बसते आणि तिथे, टपालाच्या फायली आणि जुन्या मतदारयाद्यांच्या शेजारी, त्यावर हळूहळू धूळ चढू लागते. धुळीबद्दल कोणाची तक्रार नाही. ती आपल्याकडे बारमाही पिकते. प्रश्न एवढाच की, ज्या कामासाठी ते मानचिन्ह मिळाले, त्या कामावरही तशीच माती चढली आहे काय, हे पाहायला पुन्हा कोणी माळावर जाते काय?

धाराशिव जिल्ह्यापुरते बोलायचे, तर हा प्रश्न शोभेचा नाही. भूम, परंडा, वाशी, कळंब, तुळजापूर, लोहारा, उमरगा आणि धाराशिव अशा आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याने दुष्काळही भोगला आहे आणि बक्षिसेही मिळवली आहेत. जमीन, पाणी आणि झाड सांभाळणाऱ्या गावांचा गौरव करण्याची महाराष्ट्राला चांगली सवय आहे. १९९२ मध्ये आदर्श गाव योजना आली. २००० साली संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि गावागावांत झाडू घेऊन स्पर्धा लागली. २००६-०७ पासून संत तुकाराम वनग्राम योजनेत जंगल राखणाऱ्या समित्यांना बक्षिसे मिळू लागली. २०१६ साली पानी फाउंडेशनचा वॉटर कप आला आणि २०२० च्या गांधी जयंतीला ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले. संतांची नावे आणि पंचमहाभूतांची साक्ष, दोन्ही आपण या कामाला जोडली. आता एवढ्या वर्षांनंतर या पुरस्कारांचा हिशेब मांडायला हरकत नसावी.

स्पर्धेने काय दिले?

आधी जमेची बाजू पाहू. वॉटर कपच्या पहिल्या वर्षी, २०१६ मध्ये, वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव असे तीनच तालुके होते. २०१७ साली तालुक्यांची संख्या तीस झाली, त्यांत आपले भूम, परंडा आणि कळंब होते. २०१८ मध्ये ती ७५ वर गेली. ८ एप्रिल ते २२ मे हे पंचेचाळीस दिवस म्हणजे आपल्याकडच्या उन्हाचा ऐन भर. कित्येक गावांनी सात एप्रिलची मध्यरात्र उलटताच बॅटऱ्यांच्या उजेडात पहिली कुदळ मारली. ज्या माणसांनी एकमेकांच्या लग्नाचे जेवण वर्षानुवर्षे टाळले होते, ती एका चरावर शेजारी शेजारी उभी राहिली. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली पोरे सुटी काढून आली. सासरी आलेल्या ज्या सुनेला गावाचा माळ कोणत्या दिशेला आहे हे ठाऊक नव्हते, ती डोक्यावर पाटी घेऊन त्या माळावर चढली.

हे सरकारी आदेशाने झाले नसते. रोजगार हमीच्या कामावर माणूस मजुरीसाठी जातो आणि त्यात काही वावगे नाही. १९७२ च्या दुष्काळात त्याच कामांनी महाराष्ट्र जगवला. पण स्पर्धेत माणूस गावासाठी जातो. शेजारचे गाव पुढे जाते आहे, ही टोचणी लाखभर रुपयांच्या अनुदानापेक्षा जास्त काम करून घेते. आपल्या जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या बार्शी तालुक्यातल्या सुर्डीने २०१९ साली राज्यात पहिला क्रमांक मिळवला, तेव्हा आपल्याकडच्या अनेक गावांना आनंद झाला आणि थोडी चुटपूटही लागली. तो माळ आपल्यासारखाच, ते ऊनही आपल्यासारखेच. मग आपण का नाही? असा प्रश्न गावाने स्वतःला विचारणे हेच स्पर्धेचे खरे बक्षीस.

आणि ते कामही शास्त्राला धरून होते. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटर पाणी होते. हजार हेक्टरच्या शिवारात दुष्काळी वर्षातसुद्धा चारशे मिलिमीटर पाऊस झाला, तर चारशे कोटी लिटर पाणी आकाशातून गावाच्या दारी येते. हा आकडा शाळेतले पोर पाटीवर मांडू शकते, आणि एकदा मांडला की त्याला प्रश्न पडतो: मग मे महिन्यात टँकर कशाला येतो? उत्तर असे की, आपला मुलूख बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. बालाघाटच्या पठारावर मातीचा थर अनेक ठिकाणी वीतभर, खाली मुरूम आणि त्याखाली खडक. या खडकात पाणी साठते ते फटींमध्ये आणि झिजलेल्या थरामध्ये, तेही थोडेच. धावणाऱ्या पाण्याला चालायला लावायचे, चालणाऱ्याला थांबवायचे आणि थांबलेल्याला मुरवायचे, एवढेच माणसाच्या हातात असते. म्हणून माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, दगडी बांध, बांधबंदिस्ती आणि मग नाल्यावरचे बंधारे हा क्रम. गावकऱ्यांनी तो प्रशिक्षणात शिकला आणि हातांनी उतरवला. त्याबद्दल त्यांना मानाचा मुजरा केलाच पाहिजे.

पंचेचाळीस दिवस आणि पाच पावसाळे

अडचण पुढे सुरू होते. चर खोदला की पहिल्याच पावसात त्यात पाण्याबरोबर माती येते. ती यावीच, कारण शिवाराबाहेर जाणारी माती अडवणे हेसुद्धा चराचे काम आहे. पण दोन-तीन पावसाळ्यांनी चर निम्मा भरतो आणि गाळ काढला नाही, तर पुढे बुजून जातो. मातीच्या बांधाला उंदीर-घुशी पोखरतात. सांडव्याचा एक दगड निखळला, तर पुढच्या मोठ्या पावसात अख्खा बांध वाहून जायला तेवढे निमित्त पुरते. ओढ्यावरच्या कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या वेळेवर बसवल्या नाहीत, किंवा त्या रात्रीतून नाहीशा झाल्या, तर बंधारा नुसता भिंतींचा सांगाडा उरतो. हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. शेतकऱ्याला हे जन्मापासून ठाऊक असते. घर शाकारल्याशिवाय पावसाळा निघत नाही, तसेच हे आहे.

पण आपले बहुतेक पुरस्कार घर बांधल्याचे असतात, शाकारल्याचे नसतात. किती घनमीटर खोदले, किती झाडे लावली, किती शोषखड्डे केले, याची मोजणी काम संपताच होते. त्या मोजणीवर निकाल लागतो आणि निकालाबरोबर टेपही गुंडाळली जाते. झाडांचेच पाहा. राज्याने २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी रोपांचे संकल्प केले. आकडे पाठ व्हावेत असेच आहेत. पण रोप लावणे हा एका सकाळचा कार्यक्रम असतो आणि त्याला तीन उन्हाळे शेळ्या-गुरांपासून आणि वणव्यापासून वाचवणे हे कोणाच्या तरी घराचे रोजचे काम असते. जगप्रसिद्ध उस्मानाबादी शेळीच्या मुलखात हे वेगळे सांगायला नको.

‘जलयुक्त शिवार’ची गोष्ट याच वळणाची आहे. २०१४ च्या डिसेंबरात जाहीर झालेल्या या अभियानावर नऊ हजार सहाशे कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला. २०२० साली विधिमंडळात मांडलेल्या महालेखापालांच्या अहवालात म्हटले होते की, भूजलाची पातळी वाढण्यावर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. तपासलेल्या १२० गावांपैकी ८३ गावांत साठलेले पाणी पिण्याला आणि शेतीला मिळून पुरेसे नव्हते. अहवालावर राजकारण झाले, ते व्हायचेच होते. कोण बरोबर आणि कोण चूक, याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण देखभालीचा धनी कोण, हा त्या सगळ्या वादातला साधा प्रश्न मागेच राहिला.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, स्पर्धा भरवणाऱ्यांनाही ही उणीव दिसत गेली. पानी फाउंडेशनने २०२० मध्ये ‘समृद्ध गाव स्पर्धा’ सुरू केली, ती पंचेचाळीस दिवसांपुरती नव्हती आणि तिच्यात पाण्याचा ताळेबंद, मातीची सुपीकता आणि गवत-झाडांचाही विचार होता. पुढे गटशेतीचा ‘फार्मर कप’ आला. सरकारने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ आणली, तिचा गाभाच जुन्या तलावांची निगा हा आहे. म्हणजे दिशा योग्य आहे. फक्त आपल्या मनातले कौतुक अजून उद्‌घाटनाच्या नारळापाशी अडकले आहे.

अडवलेले पाणी जाते कोठे?

निगा म्हणजे नुसता गाळ काढणे, असे मात्र समजू नये. अडवलेल्या पाण्याचे काय करायचे, याचा नियम पाळणे हीसुद्धा निगाच. किंबहुना तीच अवघड. गाळ यंत्राने निघतो, नियमाला गावाची जीभ आणि गावाची छाती लागते.

पाणी अडले, विहिरीला चार हात पाणी वाढले, की पहिला विचार उसाचा येतो. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. सोयाबीनचा भाव काढणीला कोसळतो, तुरीचा नेम नाही, आणि उसाला कारखाना निदान दारात येऊन उभा राहतो. पण पाटाने दिलेल्या एका हेक्टर उसाला वर्षाला दोन कोटी लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी लागते. गावाने पंचेचाळीस दिवस घाम गाळून जे अडवले, ते चार-सहा पंपांनी एका हंगामात उपसले, तर श्रमदान सगळ्यांचे आणि पाणी थोड्यांचे असा हिशेब होतो. मग पुढच्या वर्षी कुदळ घ्यायला कोणी येत नाही. त्यात बोअरची शर्यत. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात साठ मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरी शेतीसाठी घेण्याला मनाई आहे. हा कायदा २०१४ मध्ये लागू झाला. आपल्याकडच्या कोणत्याही पारावर बोअर किती फुटांवर गेली हे विचारा, म्हणजे कायदा आणि पार यांतले अंतर कळेल.

या शर्यतीचा शेवट शेजारच्या लातूरने २०१६ च्या एप्रिलात पाहिला, मिरजेहून आगगाडीने पाणी येताना. तेव्हा साऱ्या देशाने ती गाडी टीव्हीवर पाहिली. त्याच उन्हाळ्यात आपल्याकडच्या आयाबायांनी घागरींच्या रांगा पाहिल्या, त्या टीव्हीवर फारशा आल्या नाहीत.

याच्या उलट उदाहरण नगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजारचे. पोपटराव पवारांचे हे गाव १९९४ मध्ये आदर्श गाव योजनेत आले. बंधारे आणि चर तिथेही झाले, पण त्या गावाचे मोठेपण पुढच्या शिस्तीत आहे. दरवर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि त्यावरून रब्बीला काय पेरायचे ते ठरवायचे. पाऊस कमी, तर कमी पाण्याची पिके. शेतीला बोअर नाही, ऊस-केळीसारखी पिके नाहीत. कौतुकाला जाणाऱ्या बसगाड्या बंधाऱ्यापाशी थांबतात. खरे तर त्यांनी ग्रामसभेच्या फळ्यापाशी थांबायला हवे. त्याही आधी, १९७४ पासून, विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायतीचा विचार रुजवला. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता घरातल्या माणसांवर ठरावा, आणि त्या पाण्यावर ऊस घेऊ नये, हा त्यांचा आग्रह होता. अर्धशतक झाले, तो आग्रह अजून जुना झालेला नाही.

पाणी नको तेव्हाचे पाणी

आजवर आपण या कामाकडे दुष्काळाच्या डोळ्यांनी पाहत आलो. २०२५ च्या सप्टेंबरने दुसरी बाजू दाखवली. सीना आणि तिच्याकडे धावणारे ओढे-नाले फुगले आणि भूम-परंडा भागात माणसे छपरांवर अडकली, गुरे दावणीलाच बुडाली. पाणी ओसरल्यावर कित्येकांच्या शेतात पीक तर नव्हतेच, मातीही नव्हती. खालचा मुरूम उघडा पडला होता. सरकारने अशा खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी सत्तेचाळीस हजार रुपयांची मदत जाहीर केली आणि रोजगार हमीतून आणखी मदत देऊ केली. मदत हवीच होती. पण पैशाने फार तर तळ्यातला गाळ आणून टाकता येतो. बोटभर माती घडायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात, तिची नुकसानभरपाई कोणत्याच तहसील कार्यालयात मिळत नाही.

अशा अतिवृष्टीपुढे माळावरचे चर पुरे पडतील, असा भाबडा दावा कोणी करणार नाही. मात्र उतारावरचे गवत, बांधावरची झाडे, दुरुस्त सांडवे आणि मोकळे ठेवलेले ओढ्यांचे पात्र यांनी पाण्याचा वेग काही अंशी तरी मोडतो, हे शेतकरी जाणतो. दुष्काळात पाणी धरणारी आणि पुरात माती धरणारी व्यवस्था एकच आहे. ती दोन्ही वेळा उपयोगी पडायची, तर दोन्ही वेळांच्या मधली शांत वर्षे महत्त्वाची. पुरस्कार मात्र त्या शांत वर्षांत कोणाला मिळत नाही.

न दिसणारे हात

शांत वर्षांत काम करणारी माणसे आपल्या जिल्ह्यात नाहीत, असे मात्र नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप लोहारा-उमरगा भागातली पिढी विसरलेली नाही. त्यानंतरच्या पुनर्वसनात घरांच्या दुरुस्तीसाठी गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. त्या अनुभवातून दिवंगत प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ही संस्था उभी राहिली. बचत गट झाले, आणि दुष्काळाची वर्षे आली तेव्हा या बायकांनी घरात एक साधी मागणी केली: सगळ्या शेतीचे काय करायचे ते करा, पण अर्धा-एक एकर आमच्या हाती द्या. त्या तुकड्यात त्यांनी नगदी पिकाऐवजी ज्वारी, कडधान्ये आणि भाजीपाला असे घरात खाल्ले जाणारे वाण मिसळून लावले, शेणखत-गांडूळखत वापरले, थोडक्या पाण्यात भागवले. घराचे ताट भरले आणि उरले ते बाजारात गेले. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे यांच्यासारख्या स्त्रिया हे काम सांगायला परदेशात जाऊन आल्या. २०१६ साली या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

हा पुरस्कार भूकंपानंतर तेवीस वर्षांनी आला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जगातले असे चांगले पुरस्कार बहुधा उशिराच येतात. जमिनीची धूप आणि वाळवंटीकरण थोपवणाऱ्यांसाठी संयुक्त राष्ट्रांचा ‘लँड फॉर लाइफ’ नावाचा पुरस्कार आहे. २०२१ मध्ये तो राजस्थानातल्या ‘पारिवारिक वानिकी’ या उपक्रमाला मिळाला. बिकानेरचे प्राध्यापक श्यामसुंदर ज्याणी यांनी तो २००३ पासून चालवला होता. झाडाला घरातला एक सदस्य मानायचे, एवढीच त्यातली युक्ती. किती रोपे लावली यापेक्षा किती घरांनी झाड पोसले, याला त्यात मोल आहे. अठरा वर्षांनी मिळालेल्या बक्षिसाला कोणी घाईचे म्हणणार नाही.

आणि नळदुर्गच्या किल्ल्याला तर कोणीच बक्षीस दिलेले नाही. बोरी नदीवर १६१३ मध्ये, इब्राहिम आदिलशहाच्या काळात, तो बंधारा बांधला गेला. त्याच्या पोटात पाणीमहाल आणि अंगावर नर-मादी धबधबे. पावसाळ्यात आपण मुलाबाळांना घेऊन ते पाहायला जातो, भिजतो, फोटो काढतो. चारशे वर्षे पाणी अंगावर घेऊन तो उभा आहे, कारण बांधणाऱ्याने जास्तीचे पाणी कोठून जाईल, याचा विचार आधी केला. पुढच्या खेपेला धबधबा पाहताना मुलांना सांडव्याचीही गोष्ट सांगावी. तीच त्या सहलीतली खरी शिकवण.

थापटण्याची परीक्षा

मग पुरस्कार द्यायचा तो कसा? याचे उत्तर शोधायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जायला नको. तेरणेच्या काठी तेरला गोरोबाकाकांचे स्थान आहे. मातीत जन्म काढलेला हा संत. संतमेळा त्यांच्या घरी जमला असताना मुक्ताईने विचारले, काका, यातली मडकी पक्की किती आणि कच्ची किती? गोरोबाकाकांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर हलकेच मारून पाहिले. बाकीचे शांत बसले. नामदेवांना ते सोसले नाही आणि काकांनी निकाल दिला की, हे मडके कच्चे. ही कथा आपण कीर्तनात ऐकत आलो. पण तिचा पुढचा भाग अधिक मोलाचा आहे. कच्चे ठरलेले नामदेव रुसून घरी बसले नाहीत. ते विसोबा खेचरांकडे गेले, शिकले आणि पक्के झाले.

जमीन-पाण्याच्या कामाला अशीच परीक्षा हवी. मडके चाकावरून उतरताना सुंदरच दिसते. ते भट्टीतून निघाल्यावर वाजवून पाहायचे असते. तेव्हा जिल्हा परिषद असो, कृषी खाते असो किंवा एखादा कारखाना, बँक, ट्रस्ट वा गणेश मंडळ असो, ज्यांना अशा कामाचा गौरव करायचा आहे त्यांच्यापुढे तीन सूचना ठेवाव्याशा वाटतात.

पहिली अशी की, बक्षिसाची रक्कम एकदम देऊ नये. तिसरा हिस्सा काम झाल्यावर, तिसरा हिस्सा तीन पावसाळ्यांनंतर आणि उरलेला पाच पावसाळ्यांनंतर द्यावा, तोही चर मोकळे आहेत, सांडवे शाबूत आहेत, झाडे जगली आहेत आणि पाण्याचा ताळेबंद दरवर्षी वाचला गेला आहे, हे पाहून. शेवटची रक्कम गावाने देखभालीसाठी ठेवावी. सरपंच बदलला तरी बक्षीस चालू राहील, आणि निगा राखणे ही नव्या सरपंचाचीही प्रतिष्ठा होईल.

दुसरी सूचना परीक्षकांबद्दल. बाहेरून आलेले तज्ज्ञ असावेत, पण त्यांच्याबरोबर गावात पाणी भरणाऱ्या चार बायका आणि शाळेतली चार मुले असावीत. पाणी खरोखर वाढले की नाही, हे घागर उचलणाऱ्या हाताइतके कोणाला कळते? आणि मुलांनी दर महिन्याला गावातल्या ठरावीक विहिरींची पातळी दोरीने मोजून शाळेच्या वहीत लिहावी, शाळेच्या आवारात पर्जन्यमापक असावा. विज्ञानाचा याहून चांगला धडा कोणत्या पुस्तकात सापडेल? पाच वर्षांची ती वही म्हणजेच गावाचा अर्ज. तिच्यासमोर फुगवलेल्या आकड्यांचे काही चालणार नाही.

तिसरी सूचना निकालाबद्दल. जे गाव कमी पडले त्याला नुसते वगळू नये. कोठे कमी पडले ते लिहून द्यावे आणि जवळच्या पक्क्या गावाकडे शिकायला पाठवावे. नामदेवांना विसोबा भेटले, तसे गावाला गाव भेटावे. पाणलोट काही गावाची शीव पाहून वाहत नाही. वरच्या गावाने माती सोडली, तर खालच्या गावाचा बंधारा भरतो. त्यामुळे शेजारच्या गावाला शिकवणे हा परोपकार कमी आणि शहाणपणा अधिक आहे.

आपला जुना सण

आता या परीक्षेला दिवस कोणता धरावा? तोही आपल्याकडे आहे. मार्गशीर्षातली अमावस्या, आपली वेळा अमावस्या, ज्येष्ठांच्या तोंडची येळवस. कानडी मुलखाच्या शेजारामुळे आलेला हा सण लातूर-धाराशिवच्या घराघरांत दिवाळीच्या तोडीने साजरा होतो. त्या दिवशी बाजारपेठा ओस पडतात, कचेऱ्यांना स्थानिक सुटी असते आणि गावेच्या गावे शिवारात जातात. कडब्याची कोप उभी राहते, चुन्याने रंगवलेल्या पाच पांडवांची पूजा होते, काळ्या आईला आंबील शिंपली जाते. मग ज्याचे शेत नाही त्यालाही हाताला धरून पंगतीला बसवले जाते: भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि आंबिलीचे लोटे. शहरात वाढलेल्या नातवाला हुरड्याचे शेत आणि आजीच्या हातची भज्जी एकाच दिवशी भेटते.

या सणाला कोणी प्रायोजक नाही, परीक्षक नाही, मानचिन्ह नाही, तरी तो पिढ्यान्‌पिढ्या चुकलेला नाही. जमिनीशी नाते राखण्याचा जिल्ह्यातला सर्वांत जुना सार्वजनिक कार्यक्रम हाच आहे. शिवाय वेळ अशी की, पाऊस संपलेला, विहिरी जितक्या भरायच्या तितक्या भरलेल्या, रब्बीची ज्वारी आणि हरभरा रानात उभा. गावाने वर्षाचा हिशेब मांडायला याहून योग्य दिवस नाही. त्या दिवशी जेवणानंतर, ऊन कलायच्या आत, साऱ्या गावाने एकदा ओढ्याकाठाने आणि माळाने फेरी मारावी. कोणता बांध फुटला, कोणता चर बुजला, कोणते झाड वाळले, ते पोरांनी वहीत टिपावे. पंगतीतल्या सगळ्यांसमोर ती वही वाचावी. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. आज रविवारी घरात चहा घेताना एवढे जरी बोलणे झाले की, पुढच्या येळवसेला आपल्या रानातल्या चरावर जाऊन यायचे, तरी सुरुवात झाली म्हणायची.

येडशी-रामलिंगच्या अभयारण्यात २०२४ च्या डिसेंबरात कॅमेऱ्यात एक वाघ दिसला. यवतमाळकडच्या टिपेश्वरहून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास चालत तो आपल्याकडे आला होता. अवघ्या बावीस चौरस किलोमीटरचे ते जंगल. पण त्यालाही ते जंगल वाटले. त्याने कोणाचा अहवाल वाचला नव्हता, की कोणत्या गावाला किती गुण मिळाले हे त्याला ठाऊक नव्हते. सावली, आडोसा आणि पाणी एवढेच त्याने पारखले. निसर्ग असाच, न सांगता येऊन मडके वाजवून जातो. कधी वाघाच्या पावलांनी, कधी सीनेच्या पुराने, कधी कोरड्या पडलेल्या आडाने. त्या वेळी कपाटातले मानचिन्ह काही उत्तर देणार नाही. उत्तर माळावरच्या चराला द्यावे लागेल. तो चर तेव्हा मोकळा असावा, याची तजवीज मात्र आज करता येईल.